तिसऱ्या कुंडाशी

सकाळचे साडेसात वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख होता. धाकटा पांघरुणातून डोकं काढून पुन्हा पुन्हा विचारत होता, "आई, अजून रात्रच आहे का गं?" घड्याळ बरोबर होतं. चीन एवढा आडवातिडवा पसरलेला देश, पण सगळ्या देशाची वेळ एकच, बीजिंगची. लिजियांग पार नैऋत्येला, युनान प्रांतात. त्यामुळे जानेवारीत इथे आठ वाजून गेल्याशिवाय उजाडत नाही. शांघायला आमच्या घरी याच वेळेला मुलांचं दूध पिऊन झालेलं असतं. इथे आम्ही तिघं इलेक्ट्रिक ब्लँकेटच्या उबेत एकमेकांना चिकटून पडलो होतो. बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि खिडकीखालून सारखा पाण्याचा आवाज येत होता.

पाऊस आहे असं मला रात्रभर वाटत राहिलं. पण हिवाळ्यात लिजियांगला पाऊस जवळजवळ नसतोच. तो आवाज ओहोळाचा होता.

चिनी नववर्षाच्या आधी शाळांना मोठी सुट्टी लागते. शांघायचा हिवाळा ओला, करडा आणि हाडात शिरणारा. शेजारपाजारचे सगळे म्हणाले, ऊन हवं असेल तर युनानला जा. नवऱ्याला रजा मिळेना. शेवटी नऊ वर्षांची थोरली आणि पाच वर्षांचा धाकटा यांना घेऊन मी एकटीच निघाले. कुनमिंगपर्यंत विमान आणि पुढे आगगाडी. कुनमिंगला एक दिवस थांबलो तो पाखरांसाठी. 1985 सालापासून दर हिवाळ्यात सैबेरियाकडून हजारो कुरव पक्षी त्या शहरातल्या तळ्यावर येतात आणि सगळं शहर पावाचे तुकडे घेऊन काठावर उभं असतं. आपल्याकडे गेटवेच्या लाँचमागे थंडीत उडतात ना, त्यांचेच भाऊबंद. एकाने धाकट्याच्या हातातून पाव उचलला आणि तो संध्याकाळपर्यंत आपलं बोट पुन्हा पुन्हा बघत होता.

लिजियांग समुद्रसपाटीपासून सुमारे 2,400 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. पहिल्या दिवशी जिना चढतानाही मला थांबावं लागत होतं. मुलांना मात्र काहीच जाणवलं नाही, ती दगडी गल्ल्यांतून पळत सुटली. जुन्या गावात मोटारी येत नाहीत. रस्ते तांबूस-राखाडी दगडी फरशांचे आहेत आणि शतकानुशतकं घोड्यांच्या, खेचरांच्या टापांनी ते आरशासारखे गुळगुळीत झालेत. युनानचा चहा विटांसारखा दाबून तिबेटात जायचा आणि तिकडून घोडे यायचे. त्या चहा-घोड्यांच्या वाटेवरचं हे मोठं पेठेचं गाव. 1942 मध्ये जपानने ब्रह्मदेशातला रस्ता तोडला, तेव्हा आपल्या कालिम्पाँगहून ल्हासामार्गे मालाने लादलेली खेचरं महिनोन् महिने चालत इथवर यायची. चौकात उभी राहून थोरलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण पहिले नाही." खरंच, भारतातून निघून या फरशांवर येणारे आम्ही पहिले नव्हतो.

या गावाला तट नाही. इतकं जुनं, इतकं श्रीमंत गाव आणि वेस नाही, भिंत नाही, दरवाजे नाहीत. इथल्या नाशी लोकांच्या सरदार घराण्याला मिंग राजवटीच्या पहिल्या बादशहाने 'मू' हे आडनाव दिलं. मू म्हणजे झाड, लाकूड. ते अक्षरही झाडासारखंच आहे: एक उभी रेघ, एक आडवी आणि खाली दोन्हीकडे उतरणाऱ्या दोन फांद्या. मू घराण्याच्या वाड्यासमोर थोरलीने बोट ओलं करून फरशीवर ते अक्षर काढलं. मग त्याच्याभोवती चौकट आखली. "आता वाच," ती म्हणाली. मला कुठलं वाचता येतंय. "कोंडी. झाडाला चारी बाजूंनी भिंत घातली की कोंडी होते. म्हणून त्यांनी गावाला भिंतच बांधली नाही." ही दंतकथा आहे, इथला प्रत्येकजण सांगतो. पण मला सांगितली ती माझ्या मुलीने, चिनी अक्षरावरून मराठीत. 'कोंडी' हा शब्द तिने आपणहून शोधला याचं मला मनापासून अप्रूप वाटलं. परदेशात मुलं वाढवताना भाषा हातातून निसटते आहे ही धास्ती रोज उशाशी असते. असा एखादा दिवस पुढच्या कितीतरी दिवसांना पुरतो.

मुलांना दुकानांचं आकर्षण होतं, नाही असं नाही. पण जुन्या गावातली दुकानं दुसऱ्या दिवशी सगळी सारखीच दिसायला लागली. तेच ढोल, तेच स्कार्फ, त्याच गुलाबाच्या पाकळ्या भरलेल्या बिस्किटांचे डबे. 4 डिसेंबर 1997 ला लिजियांग जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि त्यानंतर पर्यटकांचा जो लोंढा सुरू झाला त्यात घरांची गेस्टहाऊसं झाली, ओसऱ्यांची दुकानं झाली. कित्येक नाशी कुटुंबं घर भाड्याने देऊन खालच्या नव्या शहरात राहायला गेली. मुक्कामाचं घर चालवणारं जोडपंही बाहेरच्या प्रांतातलं होतं. संध्याकाळी गर्दीतून वाट काढताना मला उदास वाटायचं. ज्यांचं गाव ते इथे नाहीत, मग आम्ही बघायला आलो ते काय?

याचं उत्तर मला पाण्यापाशी मिळालं, आणि तेही अपघाताने.

गावाच्या उत्तरेला काळ्या ड्रॅगनचं तळं आहे. तिथल्या झऱ्यांचं पाणी गावाच्या तोंडाशी पुलाखाली येतं आणि तीन ओहोळांत वाटलं जातं. ते तीन पुढे फुटत फुटत गल्लोगल्ली, दारोदारी जातात. काही घरांच्या उंबऱ्यापुढून, काहींच्या चक्क जोत्याखालून. पूर्वी संध्याकाळी बाजार उठला की मधल्या सिफांग चौकाजवळ ओहोळात फळी टाकायचे. पाणी तुंबून चौकभर पसरायचं, दिवसभराचा कचरा-शेण धुऊन न्यायचं, की फळी काढून घ्यायचे. झाडलोट पाण्याकडून करून घ्यायची. ही कल्पना धाकट्याला इतकी आवडली की त्याने ओंजळीने फरशी 'धुवायला' सुरुवात केली.

जिथे जमिनीतून झरा वर येतो तिथे तीन कुंडांची विहीर असते. पहिलं कुंड झऱ्याचं, त्यातलं पाणी फक्त प्यायला. ते भरून दगडाच्या काठावरून दुसऱ्यात सांडतं, तिथे भाजी धुवायची. दुसऱ्यातलं तिसऱ्यात, तिथे कपडे. एवढंच. कुठे कुलूप नाही, पहारेकरी नाही. फक्त उतार आहे आणि त्या उताराबरोबर आलेली शिस्त.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अशाच एका विहिरीपाशी थांबलो. काठावर ऊन पडलं होतं. एक म्हाताऱ्या बाई दुसऱ्या कुंडात पालेभाजी धूत बसल्या होत्या. पाठीवर मेंढीच्या कातड्याची पारंपरिक झूल, त्यावर भरतकामाच्या सात गोल चकत्या. नाशी बायका पाठीवर तारे घेऊन कामाला निघतात असं म्हणतात. पहाटे तारे असताना निघायचं, तारे उगवल्यावर परतायचं. धाकटा त्या चकत्या मोजायला पुढे सरकला आणि सहाव्या चकतीला त्याचा पाय घसरला. गुडघ्यापर्यंत पाय थेट दुसऱ्या कुंडात.

तो किंचाळला, "आई!"

मी पोचायच्या आधी त्या बाईंनी त्याला दंडाला धरून वर उचललं होतं. मला नंतर उमगलं. चिनीत मावशी-काकूच्या वयाच्या कुठल्याही बाईला मुलं 'आयी' म्हणतात. त्याने मला हाक मारली होती. त्यांना ती आपल्यालाच मारलेली वाटली आणि त्या धावल्या.

मग त्यांनी जे केलं ते मी जवळून पाहिलं. धाकट्याला उन्हात दगडावर बसवलं. त्याचा बूट काढला, मोजा पिळला. बुटाला गल्लीतली माती लागली होती. समोर दुसरं कुंड हातभर अंतरावर होतं, वाकलं की पाणी. त्या उठल्या, गुडघ्यावर हात देत सावकाश चार पायऱ्या उतरल्या, तिसऱ्या कुंडाशी बसल्या आणि तिथे बूट धुतला. अंगठ्याने तळव्याच्या खाचांतली माती काढली. मग वर येऊन, आपली अर्धी धुतलेली भाजी बाजूला ठेवून वाट पाहत बसल्या. त्याच्या बुटाने ढवळलेलं दुसरं कुंड वरच्या पाण्याने हळूहळू नितळ झालं. तेव्हाच त्यांनी पुन्हा भाजी पाण्यात घातली.

आमच्या आजोळी, गुहागरकडे, पोफळीच्या बागेतून पाट वाहायचा. सुट्टीत आम्ही भावंडं त्यात पाय सोडून बसायचो आणि आजी मागच्या दारातून ओरडायची, "खालच्या अंगाला जा रे, वर अजून पाणी भरायचंय!" खालचं अंग, वरचं अंग. कुणाच्या वर बसायचं नाही, आपल्या खाली कुणीतरी आहे, हे आम्हाला कुणी वेगळं शिकवलं नाही, ते त्या ओरडण्यातून अंगात मुरलं. पुढे पंप आला, टाकी आली, पाट बुजला. माझ्या मुलांनी नळाशिवाय पाणी पाहिलेलं नाही. आणि नळाला ना वरचं अंग असतं ना खालचं.

बाईंचं घर त्याच गल्लीत होतं, आता ते भाड्याने दिलेलं आहे. त्या नव्या शहरात मुलाकडे राहतात. तिथे स्वयंपाकघरात नळ आहे, गरम पाण्याची सोय आहे. तरी त्या रोज बसने येतात, इथे भाजी धुतात आणि परत जातात. हे सगळं थोरलीने मध्ये बसून मला समजावलं. "का येता?" मी तिला विचारायला लावलं. बाईंनी खांदे उडवले आणि म्हणाल्या ते थोरलीने असं सांगितलं, "त्या म्हणतात, भाजी इथेच धुतात."

बूट सुकवायला त्या आम्हाला बहिणीच्या दुकानात घेऊन गेल्या. बहीण 'बाबा' विकते, म्हणजे इथली जाड, पापुद्र्यांची तेलावर भाजलेली भाकरी, गोड किंवा खारी. शेगडीच्या कडेला बूट उलटा टेकवून ठेवला, त्यात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. दर दहा मिनिटांनी बोळे बदलायचं काम धाकट्याकडे. समोर करड्या रंगाच्या डाळीच्या पिठाच्या वड्या तव्यावर परतत होत्या. हिरवी पात आणि तिखट घालून ताटलीत आल्या तेव्हा मी तोंडातून म्हणून गेले, "अगं, ही तर पाटवडी!" थोरलीने ते कसं भाषांतरित केलं कोण जाणे, पण दोघी बहिणी खूप हसल्या आणि आणखी एक ताटली आली.

शेगडीपाशी भूकंपाचा विषय निघाला. 3 फेब्रुवारी 1996, संध्याकाळी सात वाजून गेलेले. नववर्षाला जेमतेम दोन आठवडे उरलेले. सात रिश्टरचा धक्का, तीनशेहून अधिक माणसं गेली. धाकट्या बहिणीने वर बोट दाखवलं. खांब, तुळया, सगळं एकमेकांत खाचा करून बसवलेलं. घराचा भार लाकडी सांगाड्यावर, मातीच्या भिंती नुसत्या मध्ये भरलेल्या. तिची मागची भिंत कोसळली. सांगाडा डोलला, करकरला आणि उभा राहिला. चीनमध्ये जुन्या घरांबद्दल म्हणतात, भिंत पडते, घर पडत नाही.

मी शेगडीकडे बघत राहिले. किल्लारीचा भूकंप झाला, 30 सप्टेंबर 1993, तेव्हा मी थोरलीपेक्षा एका वर्षाने मोठी होते. शाळेत आम्ही जुने कपडे गोळा केले होते, गठ्ठे बांधले होते. मोठी माणसं बोलायची की दगडमातीच्या जाडजूड भिंतींनीच माणसं मारली, वर माळवदाच्या मातीचा भार. दहा वर्षांच्या मुलीला त्यातलं फार कळलं नव्हतं, आपल्याच घराची भिंत अंगावर येते एवढंच कळलं होतं, आणि कित्येक रात्री मी भिंतीपासून लांब झोपले. ते मी त्या दोघींना सांगितलं. मोठ्या बहिणीने काही न बोलता माझ्या कपात चहा ओतला.

बाहेर पडताना तिने मुलांना छप्पर दाखवलं. दोन पाखी जिथे मिळतात त्या टोकाला एक लाकडी मासा टांगलेला असतो. पाण्यातला जीव घरावर असला की आगीचं भय नाही, अशी समजूत. लाकडाच्या गावाला आगीचीच भीती जास्त. त्यानंतर मुलांनी मासे मोजण्याचा सपाटा लावला. पहिल्या संध्याकाळी एकेचाळीस झाले.

लिजियांगला येऊन लोक यूलोंग पर्वतावर जातात. 5,596 मीटरचं हिमशिखर गावातून दिसतं. रोपवे 4,506 मीटरवर नेऊन सोडतो आणि खाली दुकानांत प्राणवायूच्या छोट्या बाटल्या मिळतात. पाच वर्षांच्या मुलाला घेऊन एवढ्या उंचीवर मी एकटीने जायचं नाही असं ठरवलं. थोरलीचा चेहरा पडला, डोळ्यांत पाणी आलं. तिची समजूत मी घातली नाही, नुसती जवळ घेतली. बर्फाला हात लावायचा म्हणून ती महिनाभर दिवस मोजत होती. तिची निराशा खरी होती आणि माझा निर्णयही मला आज तितकाच योग्य वाटतो.

त्याऐवजी आम्ही काळ्या ड्रॅगनच्या तळ्यावर गेलो. निळं आकाश, पांढऱ्या दगडाचा पूल आणि पाण्यात उलटा पडलेला तो बर्फाचा डोंगर. मधल्या काही वर्षांत इथले झरे आटले होते, तळ्याचा तळ उघडा पडला होता. त्या दिवशी पाणी होतं आणि ते बघून मला हायसं वाटलं, जणू माझ्याच गावचं तळं.

तळ्याच्या उत्तर दाराशी तोंगबा संस्कृतीचं संग्रहालय आहे. तोंगबा म्हणजे नाशींचे पुरोहित. त्यांची लिपी चित्रांची आहे आणि त्यांच्या पोथ्या 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेल्या. धाकट्याला अजून कुठलीच लिपी नीट येत नाही, पण इथे तो सगळ्यात हुशार ठरला. डोंगर, पाणी, पक्षी, भराभर ओळखत गेला. एका आकृतीपाशी अडला. खाली सापाची शेपटी, वर भलतंच डोकं. "नाग?"

थोरलीने चिनी पाटी वाचली. त्याचं नाव 'शू'. "शू आणि माणूस भाऊ आहेत. म्हणजे बाबा एकच, पण आई वेगवेगळ्या." सावत्र हा शब्द तिला ठाऊक नव्हता, तो मी तिला दिला. दोघांनी वाटणी केली. माणसाला शेतं आणि पाळीव जनावरं, शूला डोंगर, रानं, झरे, रानातली जनावरं. पुढे माणूस हावरा झाला, भावाच्या वाट्यातली झाडं तोडू लागला, झरे घाण करू लागला. शू चिडला, रोगराई आली, पूर आले. शेवटी पुरोहिताने गरुडासारख्या पक्ष्याला मध्ये घालून तह केला: अडचण असेल तर लाकूड घ्या, शिकार करा, पण गरजेपुरती, आणि झऱ्यात घाण करायची नाही. दर वर्षी दुसऱ्या चांद्र महिन्यात शूची पूजा होते. अभ्यासकांनी शूचं नातं थेट आपल्या नागांशी जोडलेलं आहे, तिबेटमार्गे आलेलं. मला नागपंचमी आठवली. त्या दिवशी आजी चिरायला, खणायला, नांगर धरायला मनाई करायची. एक दिवस जमीन त्याची.

धाकटा त्या चित्रासमोरून हलेना. मग अगदी हळू विचारलं, "माझा पाय पडला तेव्हा तो रागावला असेल?"

"बूट कुठे धुतला आठवतंय ना?" मी म्हटलं.

त्याने विचार केला आणि त्याचं समाधान झालेलं दिसलं.

निघायच्या दिवशी गाडी सकाळची होती. पावणेआठला, पूर्वेला नुसती फट दिसत असताना आम्ही बॅगा ओढत निघालो. दारादारावर नववर्षाच्या लाल पट्ट्या लागायला सुरुवात झाली होती. विहिरीपाशी एक म्हातारबाबा पहिल्या कुंडातून बादली भरत होते. आम्ही थांबलो. त्यांची बादली भरली, ते गेले, तेव्हा मी प्रवासासाठी घेतलेली सफरचंदं दुसऱ्या कुंडात धुतली. पाण्याने बोटं बधिर झाली. धाकट्याने आपलं सफरचंद स्वतः धुतलं. त्यावरचा दुकानाचा चिकट कागद नखाने सोलला आणि तो बोटावर घेऊन उभा राहिला. वरच्या कुंडाकडे बघितलं, मधल्याकडे, खालच्याकडे. दोन पायऱ्या उतरला, पुन्हा वर आला.

स्टेशनवर तिकीट दाखवायला मी त्याचा हात धरला, तेव्हा तो कागद अजून त्याच्या मुठीत होता.